पोचे ‘युरेका’ आणि काळोखाचे कोडे

रात्र काळी का? प्रश्न पोरकट वाटतो. पण तारे अनंत असतील तर नजर जाईल तिकडे एखादा तारा भेटायलाच हवा, आणि सारे आभाळ सूर्यासारखे लखलखायला हवे. ओल्बर्सने १८२३ साली हे कोडे मांडले. त्याचा उलगडा एका कथाकाराच्या पुस्तकात आढळतो : एडगर ॲलन पोचे ‘युरेका’, १८४८. दूरच्या ताऱ्यांचे किरण अजून आपल्यापर्यंत पोचलेलेच नसतील, असे तो सुचवतो. आजचे शास्त्रही मुख्यतः तेच सांगते. विश्वाला सुमारे १३.८ अब्ज वर्षांचे वय आहे.

म्हणून पोला द्रष्टा म्हणण्याची चाल पडली. ती मला पटत नाही. पुस्तक मुळातून वाचावे. हा तर्क मांडून तो लगेच, त्याला काडीचा आधार नाही म्हणून, बाजूला सारतो! उलट गुरुत्वाकर्षण म्हणजे विखुरलेल्या कणांची मूळ एकत्वाकडे परतण्याची ओढ, हे मात्र तो छातीठोकपणे सांगतो. तेथे ना मोजमाप, ना पडताळा. (गद्यकाव्य हे नाव त्यानेच दिले, आणि काव्य म्हणून तो भाग उतरलाही आहे.) त्याला ताऱ्यांचे जग सान्तच हवे होते. काळोख हा त्याला त्याचा पुरावा वाटला.