अडीच शिलिंगांचा हिशेब : ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’चे एक वाचन

जे. बी. प्रीस्टली यांचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक १९४५ साली प्रथम सोव्हिएत रशियात आणि १९४६ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. नाटकाचा काळ मात्र १९१२चा वसंत आणि स्थळ ब्रमली हे काल्पनिक कारखानदारी शहर. आर्थर बर्लिंग या कारखानदाराच्या घरी मुलीच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू असताना गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो. एव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन जीव दिला आहे. बापाने तिला कारखान्यातून काढले, मुलगी शीलाने दुकानातल्या नोकरीवरून घालवले, भावी जावई जेराल्डने तिला काही महिने ठेवून सोडून दिले, मुलगा एरिकपासून तिला दिवस गेले आणि धर्मादाय संस्थेत मदत मागायला आली तेव्हा आईने तिला परत पाठवले. अशी ही साखळी एकेक करून उलगडते.

या नाटकाविषयी बोलताना बहुधा इन्स्पेक्टरच्या अखेरच्या भाषणापाशी, म्हणजे आपण सारे एकमेकांना जबाबदार आहोत या बोधापाशी, थांबले जाते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. नाटकातली सामूहिक जबाबदारी त्या भाषणात नाही. ती पहिल्या अंकातल्या, बर्लिंगने चार वाक्यांत उरकलेल्या एका संपात आहे. पुढचे सारे नाटक म्हणजे समूह मोडल्यावर एकट्या पडलेल्या माणसाचे काय होते, याची हकीकत आहे.

आधी आकडे पाहू. मुलींना आठवड्याला सरासरी बावीस शिलिंग सहा पेन्स मिळत. त्यांनी पंचवीस शिलिंग मागितले, म्हणजे अडीच शिलिंगांची वाढ. ती दिली असती तर मजुरीचा खर्च बारा टक्क्यांच्या आसपास वाढला असता, असे बर्लिंग सांगतो. कागदावर गुणाकार-भागाकार केला तर वाढ अकरा टक्क्यांहून किंचित जास्त भरते. फरक किरकोळ आहे. पण मजुरीचा आकडा सांगताना तो वरच्या बाजूला ढकलण्याची मालकांची सवय प्रीस्टलींना ठाऊक असावी. त्यांचा जन्म १८९४ सालचा, ब्रॅडफर्डचा. शाळा सोडल्यावर त्यांनी तिथल्याच लोकरीच्या एका व्यापारी कचेरीत कारकुनी केली. याच ब्रॅडफर्डमध्ये १८९०-९१ साली मॅनिंगहॅम मिलचा संप कामगार हरले आणि १८९३ साली तिथेच इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. फसलेल्या संपाचे मोल त्या गावाला शिकवावे लागत नव्हते.

त्याच मेजवानीतले बर्लिंगचे बोलणे नीट ऐकावे. क्रॉफ्ट हे त्याचे धंद्यातले प्रतिस्पर्धी. आता सोयरिक होते आहे, तेव्हा दोन्ही कारखाने मिळून खर्च कमी आणि भाव जास्त करतील, अशी आशा तो जावयापुढे बोलून दाखवतो. भांडवलाचे हित जपायला मालक आता एकत्र येत आहेत, याचाही त्याला आनंद आहे. टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघणार असे तो सांगतो, म्हणजे दिवस एप्रिलच्या आरंभाचे. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर सुरू झालेल्या खाणकामगारांच्या देशव्यापी संपामुळे पार्लमेंटला त्यांच्यासाठी किमान वेतनाचा कायदा करावा लागला होता. त्या संपावरून चाललेल्या चर्चेकडेही बर्लिंग दुर्लक्ष करायला सांगतो. आणि पुढे हाच गृहस्थ तरुणांना बजावतो, की पोळ्यातल्या मधमाश्यांसारखे सगळ्यांनी एकमेकांचे पाहावे हे वेडगळांचे बोलणे आहे. माणसाने आपले आणि आपल्या घरच्यांचे पाहावे. मालकांनी एकत्र येणे हा शहाणपणा आणि मुलींनी एकत्र येणे ही आगळीक. ‘समूह’ या शब्दाला त्याचा विरोध नाही. समूह कोणाचा, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

संप आठवड्या-दोन आठवड्यांत संपला. सुट्टीनंतरचे दिवस, मुलींच्या हातात पैसा नव्हता. जुन्या दराने सगळ्यांना परत घेतले, चार-पाच पुढारी सोडून. एव्हा त्यांतली एक. चांगली कामगार म्हणून तिला बढती द्यायचे घाटत होते. बढती घेऊन ती गप्प बसली असती तर वाचली असती. ती इतरांसाठी बोलली. दुसऱ्याची जबाबदारी घेण्याची किंमत नाटकात पहिल्यांदा मोजते ती एव्हाच, आणि ती रंगमंचावर कधी येतच नाही.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. पुढे गिरणीने काही कामगार परत घेतले. त्या यादीत वडिलांचे नाव नव्हते. नंतर बहिणीची शाळा सुटली, खोली गहाण पडली, वडील पिऊ लागले. यातल्या प्रत्येक गोष्टीला शेजारीपाजारी वेगळे कारण सांगत : मुलगी अभ्यासात कच्ची, बाईला व्यवहार कळत नाही, माणूस व्यसनी. कारणे खोटी नव्हती, पण ती यादी मात्र कोणी आठवत नसे. तिशी उलटल्यावर रद्दीच्या दुकानातून आणलेल्या प्रतीत हे नाटक वाचले, तेव्हा गूलचे काम मला कळले. तो सुट्या सुट्या कारणांना पुन्हा त्या यादीपर्यंत नेतो.

आता हिशेबाचे दुसरे टोक. एरिक बापाच्या कचेरीतून चोरून एव्हाला एकूण पन्नासेक पौंड देतो. पन्नास पौंड म्हणजे हजार शिलिंग. अडीच शिलिंगांच्या वाढीने भागले तर चारशे आठवडे. जवळजवळ पावणेआठ वर्षांची नाकारलेली वाढ त्याच तिजोरीतून चोरवाटेने तिच्यापर्यंत पोचली. पैसा चोरीचा आहे हे कळताच तिने आणखी घ्यायचे नाकारले. शेवटी बर्लिंग गूलला म्हणतो, हजारो द्यायला तयार आहे. अडीच शिलिंग, पन्नास पौंड, हजारो पौंड : हक्क म्हणून मागितले तेव्हा जे परवडत नव्हते, ते पुढे चोरी म्हणून गेले आणि पश्चात्ताप म्हणून देऊ केले गेले. मधल्या टप्प्यावर सिबिल बर्लिंगची धर्मादाय समिती आहे, तिथे पात्र कोण हे देणाऱ्याने ठरवायचे असते.

तिसऱ्या अंकात जेराल्ड एक पळवाट काढतो. गूलने फोटो एका वेळी एकालाच दाखवला. तो एकाच मुलीचा होता कशावरून? चार-पाच वेगळ्या मुली असतील! बर्लिंग पतिपत्नींचा जीव भांड्यात पडतो. पण हा बचाव खरा धरला तर आरोप वाढतो. एका मुलीच्या दुर्दैवाला योगायोग म्हणता येते. पाच वेगळ्या मुलींना एकाच घरातून हीच वागणूक मिळत असेल, तर त्याला रीत म्हणावे लागेल. वर्ग म्हणजे काय, हे सिद्ध करण्याचे काम प्रीस्टलींनी अशा प्रकारे आरोपीच्या वकिलीवरच सोपवले आहे.

नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गूल जाब विचारतो तो मालकांच्या घरात, आणि उत्तरही तिथल्याच माणसांकडून अपेक्षितो. इन्स्पेक्टर आल्याची वर्दी देणारी मोलकरीण एडना ही तिथे हजर असलेली एकमेव कष्टकरी. तिला कोणी काही विचारत नाही, गूलसुद्धा नाही. शीला आणि एरिक बदलतात, ते खरेही वाटते. मजूर मुलींची बाजू दोघांनी पहिल्या अंकातच घेतली होती. पण शेवटी, उद्या सकाळी कारखान्यातला दर काय असेल, हा प्रश्न त्या दोघांच्याही तोंडी येत नाही. त्यांना लाज वाटते आहे. आणि लाज ही ज्याची त्याला वाटते, ती कामगारांच्या पगाराला लागत नाही.

म्हणून ‘आपण सारेच जबाबदार’ हे वाक्य मी जपून वापरतो. सारेच जबाबदार म्हटले की वाटा समान झाल्यासारखा वाटतो आणि अडीच शिलिंग नाकारणारा माणूस गर्दीत मिसळून जातो. शेवटी फोन वाजतो. एक मुलगी दवाखान्याच्या वाटेवर नुकतीच मेली आहे, आणि एक इन्स्पेक्टर चौकशीला निघाला आहे. पडदा पडतो. तो आल्यावर काय विचारील, हे प्रीस्टली सांगत नाहीत. मला वाटते, त्याने सुरुवात पगारपत्रकापासून करावी.