'पेशीचा सांगाडा' ही प्रतिमा आणि ॲक्टिनचे नियमन : एक चिकित्सा

'सायटोस्केलेटन' या संज्ञेचा शब्दशः अर्थ पेशीचा सांगाडा असा होतो. सांगाडा म्हटला की टिकाऊ व स्थिर रचना डोळ्यांसमोर येते. ॲक्टिन या प्रथिनाच्या संदर्भात ही प्रतिमा कितपत ग्राह्य मानावी, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९४२ मध्ये हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ज्योर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब यांनी स्नायूंमधून ॲक्टिन वेगळे केले. त्याचे गोलाकार रेणू एकमेकांस जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. एका टोकाशी एटीपीयुक्त रेणू जोडले जातात. पुढे त्या एटीपीचे विघटन होते आणि दुसऱ्या टोकाकडून रेणू सुटत राहतात. त्यामुळे तंतूची लांबी कायम राहूनही त्यातील रेणू सतत बदलतात. येथे स्थैर्य दिसते ते घडण व विघटन यांच्या समतोलातून.

या समतोलाचे नियमन इतर प्रथिने करतात. एआरपी-२/३ संकुल नव्या शाखा सुरू करते, टोपण-प्रथिन वाढ थांबविते आणि कोफिलिन जुने तंतू तोडते. १९९९ मध्ये ॲक्टिनसह अशा मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात लिस्टेरिया जिवाणूची हालचाल घडवून आणण्यात आली. त्यात मायोसिन नव्हते. तंतूंची वाढ हीच ढकलणारी शक्ती ठरते, हे यावरून स्पष्ट झाले.

नियमनाच्या प्रचलित मांडणीलाही मर्यादा आहेत. १९९२ ते १९९५ या काळातील संशोधनावरून 'ऱ्हो म्हणजे ताण-तंतू, रॅक म्हणजे पापुद्र्यासारखी कडा, सीडीसी-४२ म्हणजे बोटांसारखे प्रक्षेप' असे समीकरण रूढ झाले. मात्र २००९ मधील निरीक्षणांत पेशीची कडा पुढे सरकताना प्रथम ऱ्हो सक्रिय होतो, तर इतर दोघे काहीसे मागे व सुमारे ४० सेकंदांनी सक्रिय होतात, असे आढळले. म्हणजेच ही स्वतंत्र कळींची यंत्रणा नसून स्थळ व काळ यांवर अवलंबून असलेला परस्परसंबंध आहे.

या भेदाला वैद्यकीय महत्त्व आहे. मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या विस्कॉट-ऑल्ड्रिच विकारात रक्तबिंबिका कमी होतात व प्रतिकारशक्ती दुर्बल होते. १९९४ मध्ये त्याचे जनुक सापडले. त्यापासून बनणारे प्रथिन रक्तपेशींत सीडीसी-४२ चा संकेत एआरपी-२/३ पर्यंत पोहोचविते. या रुग्णांत मूळ दोष ॲक्टिनमध्ये नसून त्याच्या नियमनात असतो. 'मोडलेला सांगाडा' या कल्पनेने या विकाराचा उलगडा होत नाही.

अर्थात, ही प्रतिमा सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. तांबड्या रक्तपेशींत आखूड ॲक्टिन तंतू स्पेक्ट्रिनच्या जाळ्यासह पेशीपटलाला आधार देतात. तेथे ती बऱ्याच अंशी सार्थ आहे.

निष्कर्ष : 'सांगाडा' ही संज्ञा ॲक्टिनचे एक कार्य सांगते, त्याचा स्वभाव सांगत नाही. म्हणून अध्यापनात ही संज्ञा वापरताना तिच्यासोबत सततची घडण, विघटन आणि नियमन यांचे विवेचन होणे आवश्यक आहे.