रामायणात राम नाही

मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात. त्यातलं एक 'निरोष्ठ' आहे, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता गंमत बघा. 'म' बाद म्हणजे रामायणात 'राम' हा शब्दच बाद! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला. सीता तेवढी चालते.

मी कोडिंग करून पोट भरतो. टीममध्ये कुणी असला चमत्कार केला तर रिव्ह्यूमध्ये मी पहिला विचारेन, 'याचा उपयोग काय?' माझं गाव इंदापूर तालुक्यात, बारामती पायाखालची. तरी पंतांकडे बरीच वर्षं मी ह्याच नजरेनं पाहिलं. यमकांची कसरत, बस.

माझा प्रश्नच चुकला होता. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले पंत बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये तिथेच गेले. त्यांची आर्या छापखान्याच्या आधीची. ती पोथीतून कीर्तनकाराच्या तोंडी आणि तिथून लोकांच्या कानी जायची. यमक शोभेचं खरंच, पण आठवणीला खुंटीही तेच. शिवाय यमक कुठे पडणार याची वाट बघत बसलेला श्रोता नीट ऐकायला शिकतो. हे काम साधं नाही.

सोलापूरचा लावणीकार रामजोशी पंतांना भेटला आणि पुढे त्यांच्या आर्यांवर कीर्तनं करू लागला, असं सांगतात. मला पंतांपेक्षा हा माणूस जास्त आवडतो. पंडिताला लोकांत न्यायला तमाशाच्या फडातला गडी लागला!

पण तो पुरला नाही. आर्या नारदीय कीर्तनात रमली. आमच्या गावच्या सप्ताहात वारकरी कीर्तन, तिथे अभंगच. तुकोबांची पालखी दर वर्षी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरला येते. पंत बारामतीतच राहिले. दोष अवघड शब्दांचा म्हणतात. मला तो निम्माच पटतो. ज्ञानेश्वरी काय सोपी आहे? पण ती पारायणाला बसलेल्या बायाबापड्यांच्या हातात पोचली. पंतांची पोथी वाड्यातून फार लांब गेली नाही.

आजीला तुकोबा तोंडपाठ, पंतांचं नावही माहीत नव्हतं. दिवाळीत तिच्यासमोर 'केकावली' मोठ्यानं वाचली, अडखळत. अर्थ तिला अर्धाही लागला नसावा, मलाही कुठे लागला होता! मी पान उलटायला गेलो, तर म्हणाली, "थांब. ते मगाचं परत म्हण रं."