पाठीवरचा अंधार आणि डोक्यामागचा सूर्य

यंदाच्या भीमजयंतीच्या आदल्या आठवड्यात नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या बुद्धविहारात मी पंचवीस-तीस मुलामुलींपुढे नामदेव ढसाळांची 'आता' ही कविता वाचली. नंतर त्यांच्या हाती कागद दिले आणि एवढेच म्हणालो, "या कवितेतला उजेड काढा." चित्रकलेचा मी शिक्षक नव्हे, मराठी शिकवतो. परंतु 'गोलपिठा' 1972 साली आला, त्यानंतर दलित कवितेवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही दलित चित्रकलेवर लिहिले गेले नाही, ही खंत मनात होती. आमच्या नियतकालिकांनी मुखपृष्ठ छापले, पण मुखपृष्ठाची समीक्षा क्वचितच छापली. चित्र म्हणजे मजकुराभोवतीची सजावट, ही प्रस्थापितांचीच समजूत आम्ही निमूटपणे उचलली.

दोन तासांनी चित्रे गोळा झाली. बहुतेकांत एकच रचना होती: मध्यभागी निळ्या कोटातले बाबासाहेब, त्यांच्या मस्तकामागे पिवळे वर्तुळ, वर्तुळातून फुटलेले किरण आणि खाली हात जोडून उभा असलेला समाज. त्यांपैकी सर्वांत सफाईदार चित्राला मी पहिला क्रमांक दिला. टाळ्या झाल्या. रात्री घरी कविता पुन्हा उघडली तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी ज्या चित्राला बक्षीस दिले ते या कवितेचे चित्रच नव्हे.

कवितेत काय आहे? शतकानुशतके उजेडाकडे पाठ करून चालत राहिलेली माणसे आहेत. अंधार वाहता वाहता वाकून गेलेला एक बाप आहे. त्याचे ओझे उतरवण्याची निकड आहे. आणि दीर्घ काळानंतर लाभलेला, सूर्यफुले देणारा एक फकीर आहे. या फकिराच्या मस्तकामागे सूर्य नाही. तो स्वतः सूर्य आहे, असेही कवी म्हणत नाही. तो देणारा आहे, आणि जे देतो ते फूल आहे. आणि फुलाचा धर्म वळण्याचा. म्हणजे कवितेतली सगळी क्रिया लोकांकडे आहे. वळायचे लोकांनी, ओझे उतरवायचे लोकांनी. आमच्या पोस्टरवर मात्र लोक हात जोडून स्थिर उभे असतात आणि उजेडाचे सगळे काम एका मस्तकाकडे सोपवलेले असते.

ढसाळांचा खरा शोध सूर्याचा नव्हेच. सूर्य दलित कवितेत पुढे इतका आला की पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच तो गुळगुळीत झाला. मशाल, पहाट, किरण यांचेही तेच झाले. शोध आहे तो अंधाराचा. मराठी कवितेने अंधार आजवर डोळ्यांनी पाहिला होता. तो तिला गूढ वाटला, उदास वाटला, रम्यही वाटला. ढसाळांनी तो मणक्यावर ठेवला. या अंधाराला वजन आहे, तो कोणी तरी लादला आहे आणि ज्याच्यावर लादला त्याची पाठ वाकली आहे. आता मला सांगा, पाठ वाकलेला माणूस चित्रात आलाच नाही तर त्या उजेडाचे करायचे काय?

यावर माझ्या एका जाणकार मित्राने आक्षेप घेतला. प्रभामंडल ही काही हिंदू देवांची मिरासदारी नव्हे, तो म्हणाला. गांधार आणि मथुरेच्या बुद्धमूर्तींमागे ते आहेच. खरे आहे. परंतु त्याहून जुने शिल्प भारहूत आणि सांचीचे आहे. तेथे बुद्धाची आकृतीच नाही. रिकामे आसन आहे, पावले आहेत, चक्र आहे, बोधिवृक्ष आहे. परंपराच शोधायची तर ही जुनी परंपरा आपल्याला का आठवत नाही? आणि खरे सांगायचे तर आपल्या जयंतीच्या पोस्टरवर हे पिवळे वर्तुळ मथुरेहून आलेले नाही. 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि रंगीत देव घराघराच्या भिंतीवर गेले. त्यातून कॅलेंडरची जी चित्रभाषा तयार झाली तिच्यातून ते आले आहे. देव्हारा नाकारला आणि त्याची चौकट तेवढी ठेवून घेतली, असा हा प्रकार आहे. छापणाऱ्या गरीब पेंटरला मी दोष देत नाही. त्याला दुसरी चित्रभाषा कोणी दिलीच नव्हती. दोष आमचा, समीक्षा लिहिणाऱ्यांचा.

विहाराच्या दारावर 'अत्त दीप भव' असे लिहिले होते. आपल्या बहुतेक विहारांत ते असतेच. ज्या महापरिनिब्बाण सुत्तातून हा विचार आला त्यातल्या 'दीप' या पाली शब्दाचे दोन अर्थ होतात. दिवा हा एक आणि बेट हा दुसरा. पुरातल्या माणसाला पाय टेकायला मिळते ते बेट. अनेक अभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. कोणताही अर्थ घ्या, दुसऱ्याच्या मस्तकामागून उजेड उसना घ्यावा असे त्यातून निघत नाही. त्याच दाराच्या आत पिवळे वर्तुळ रंगवलेले होते, ही विसंगती मलाही इतकी वर्षे खटकली नव्हती.

आणि या मातीने तरी हे वर्तुळ स्वीकारायला नको होते. आजचा गोंदिया जिल्हा 1999पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि 1954 साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. ते पडले. त्या वेळी त्यांची प्रकृती ढासळलेली होती. म्हणजे या मुलांच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पाहिला तो थकलेल्या शरीराचा, मते मागणारा आणि हरलेला माणूस. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्याच माणसाने नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. हे दोन्ही एकत्र दाखवणारे चित्र काढणे कठीण आहे हे कबूल. पिवळे वर्तुळ मात्र ती अडचण सोडवत नाही, पुसून टाकते.

चौकातल्या पुतळ्यांनी या बाबतीत पोस्टरपेक्षा अधिक काही साधले आहे, असे मला वाटते. शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा पुतळा 1967 साली संसदेच्या आवारात उभा राहिला. एक पाऊल पुढे, काखेत संविधान, उजवा हात उंचावून रोखलेले बोट. त्याच्याच धर्तीवर पुढे गावोगाव पुतळे झाले. सिमेंटचे, बेढब, कधी मान आखूड तर कधी हात लांब. नागर रसिक त्यांना हसतात. परंतु त्या बोटात कवितेतलीच क्रिया आहे. ते पाहणाऱ्याला वळायला लावते; पुतळ्याकडे नव्हे, पुतळा जिकडे दाखवतो तिकडे. 'गोलपिठा'च्या पाच वर्षे आधीचे हे शिल्प आहे, तेव्हा ते कवितेला दिलेले उत्तर नव्हे. पण दोघांनाही एकच गोष्ट दिसली होती.

वाकलेल्या पाठीचे चित्र कोणी काढले, असे विचारले तर मला सर्वप्रथम सवि सावरकर आठवतात. 1961 साली नागपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने गळ्यात गाडगे आणि कमरेला झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य काढला, मेलेले ढोर वाहणारा माणूस काढला, देवदासी काढली. त्यांच्या मुद्राचित्रांतला काळा रंग ही पार्श्वभूमी नाही, तो देहावर चढलेला असतो. या चित्रांत उजेड जवळजवळ नाहीच, म्हणून काही वाचकांना ती निराशावादी वाटतील. मला ती प्रामाणिक वाटतात. ज्याने ओझे नीट तोलले नाही तो ते उतरवण्याची भाषा कशाच्या बळावर करणार? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे याच रांगेतली. छायाचित्राचे तर साधनच प्रकाश. तो कोणाच्या अंगावर पाडायचा हा निर्णय नैतिक असतो, आणि ओलव्यांनी तो मैलाने माखलेल्या माणसांवर पाडला. सावरकर काय, ओलवे काय, त्यांनी 'आता' या कवितेवर म्हणून काही काढले, असा माझा दावा नाही. कवितेने जो प्रश्न टाकला त्याच्यासमोर ही कामे टिकतात, एवढेच मी म्हणतो.

नागझिऱ्याचा अंधार हा तर वेगळाच विषय आहे. 1970 साली येथे अभयारण्य झाले, 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आतली विश्रामगृहे वर्षानुवर्षे विजेवाचून ठेवली गेली, आणि त्या काळोखासाठी शहरातून माणसे पैसे मोजून येत राहिली. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलात एकट्याने मुक्काम करून 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते आणि ती नजर त्या गद्यात आहे. पुस्तक मला आवडते, ते नाकारण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण तेथला काळोख हा निवडलेला काळोख आहे. शहर मागे टाकून आलेल्या माणसाला तो विसावा देतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गोंड, ढिवर, बौद्ध घरांतल्या बायका मार्च-एप्रिलात पहाटे चारला मोहफुले वेचायला निघतात, तेव्हा तोच काळोख त्यांना विसावा देत नाही. मोह अस्वलालाही आवडतो. वाघही आहेच. फुले पहाटे गळतात, उशीर केला तर जनावरे खातात. म्हणून अंधारातच जावे लागते. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची जुनी रीत आहे, आणि जंगलाला आग लागली की बोट प्रथम याच बायकांकडे वळते. एप्रिल 2021 मध्ये याच जंगलात लागलेली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मेले. उजेडावर कविता लिहिणाऱ्यांनी या उजेडाचीही नोंद ठेवावी.

हे सगळे मनात घोळत असताना मी चित्रांचा गठ्ठा पुन्हा सोडला. एका मुलाने अख्खा कागद काळा करून दिला होता. त्याला विचारले होते तेव्हा "लाइन गेली, सर" म्हणून तो मोकळा झाला होता आणि सगळे हसले होते. त्याखाली एका मुलीचे चित्र होते, जे मी वरवर पाहून बाजूला सारले होते. त्यात एक बाई कमरेतून वाकलेली आहे. शेजारी टोपली. दातांत धरलेली बॅटरी, आणि तिचा झोत जमिनीवर, जेमतेम सुपाएवढा. बाईचा चेहरा दिसत नाही. मस्तकामागे काहीही नाही. उजेड आहे तो तोंडासमोर आणि खाली. प्रमाण चुकले आहे, हात फारच लांब झाले आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, बॅटरी दातांत का?

"येचाले दोनी हात लागतेत, सर."

पहिला क्रमांक आता बदलता येत नाही. बक्षिसाची वही-पेन त्या मुलाने वापरायलाही घेतली असतील. पण तिचे चित्र मी मागून घेतले आणि गेले कित्येक दिवस ते टेबलावर आहे. त्यात एक उणीवही दिसते. ढसाळांची वाकलेली पाठ तिने अचूक ओळखली; बापाच्या जागी आई ठेवली, हे तर मला कवितेच्या पुढचे पाऊल वाटते. मात्र तिच्या चित्रात फकीर नाही आणि सूर्यफूलही नाही. बाई वळत नाही, वाकलेलीच आहे. अर्धी कविता तिने सोडून दिली, असे कोणी म्हणेल तर मला उत्तर देता यायचे नाही. का सोडली, हेही मी तिला विचारणार होतो, पण मोहाचा हंगाम संपेपर्यंत ती शाळेत आली नाही.