पशूशी सोयरीक : रोज रात्रीचा एक प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्याने लिहून विचारलं होतं की राक्षसाशी लग्न करणाऱ्या मुलींच्या गोष्टी म्हणजे सुट्टीत वाचायची पुस्तकं, त्यांच्यावर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर या प्रकारातली बरीच पुस्तकं सुट्टीतच वाचावी अशी असतात. मांडणी ठरलेली असते. मुलीचं घर अडचणीत, समोर एक भयंकर प्राणी, दोघांच्या सोयीचा एक करार, आणि मग तीनशे पानांत हळूहळू प्रेम. सेरा जे. मास यांची २०१५ साली सुरू झालेली कादंबरीमालिका तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल, तिचा पहिला भाग याच वाटेने जातो.

पण या मांडणीचं घराणं जुनं आहे, आणि त्यातल्या मूळ पुस्तकात एक गोष्ट अशी आहे की जी पुढच्या बहुतेकांनी गाळली किंवा झाकली. आज मला त्याच एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आपल्याला डिस्नेच्या १९९१च्या चित्रपटामुळे माहीत आहे. ही कथा लिखित स्वरूपात पहिल्यांदा आली ती १७४० साली, फ्रान्समध्ये. लेखिका गाब्रिएल-सुझान द व्हिलनव. हिचं स्वतःचं लग्न १७०६ साली झालं, एका खानदानी घरातल्या माणसाशी. सहा महिन्यांच्या आत तिला आपली मालमत्ता नवऱ्यापासून वेगळी करून मागावी लागली, कारण त्याने दोघांच्या वाट्याचं बरंचसं उडवून टाकलं होतं. १७११ साली ती विधवा झाली. म्हणजे ‘चांगलं स्थळ’ काय करू शकतं हे या बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता तिची गोष्ट बघा. व्यापाऱ्याची जहाजं बुडतात, घर रस्त्यावर येतं. बारा मुलं, सहा मुलगे आणि सहा मुली. बाप पशूच्या बागेत गुलाब तोडतो, आणि त्याच्या जिवाच्या बदल्यात धाकटी मुलगी पशूच्या वाड्यात जाते. पशू बापाला पेट्या भरून संपत्ती देतो. हे आपण नीट पाहायला हवं. गुलाब दिसतो, पेट्या विसरल्या जातात. पण व्यवहार पेट्यांचा आहे. मुलगी दिली, घर सावरलं. आपल्याकडे म्हणतात ना, सोय जाणेल तो सोयरा. इथे सोय बापाची झाली, आणि सोयरा म्हणून जो मिळाला त्याला हत्तीसारखी सोंड आहे, आणि चालताना अंगावरचे खवले खणखणतात. (डिस्नेचा केसाळ, रुबाबदार पशू डोक्यातून काढून टाका. व्हिलनवचा पशू खरोखर ओंगळ आहे.)

आणि मग रात्र होते. जेवण झाल्यावर हा पशू येतो आणि सरळ विचारतो, की मी तुझ्याबरोबर झोपू का? आडपडदा नाही. ती हादरते. त्याला तिथल्या तिथे खाऊन टाकता येईल, सगळं बळ त्याच्या बाजूला आहे, करारही त्याच्या बाजूला आहे. ती कशीबशी ‘नाही’ म्हणते. आणि तो निरोप घेऊन निघून जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तसंच निघून जाणं. असं आठवडेच्या आठवडे.

मला हा या गोष्टीचा कणा वाटतो. त्या काळच्या फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला असा प्रश्न विचारला जात नव्हता. तिच्या ‘नाही’ला कायद्यात जागाच नव्हती. म्हणजे जे रीतसर नवऱ्याकडून मिळालं नसतं ते तिला सोंडवाल्या पशूकडून मिळतं. आणि ही जुनी गोष्ट आहे असं म्हणून आपण सुटत नाही. २०२३ साली आपल्याकडे नवी न्याय संहिता आली, तिच्यातही पत्नी अठरा वर्षांची असेल तर नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून दिलेली सूट कायम ठेवली आहे. व्हिलनवचा पशू त्या कलमापेक्षा पुढे आहे.

शेवटी एका रात्री ती हो म्हणते. पुढे काय होतं, तर दोघं अंथरुणावर पडतात आणि पशू घोरायला लागतो. बस. मला हा प्रसंग फार आवडतो. सकाळी शेजारी राजपुत्र असतो. त्यानंतर व्हिलनवबाईंनी पुढची बरीच पानं वंशावळीत घातली आहेत. राजपुत्राच्या आईला व्यापाऱ्याची मुलगी सून म्हणून नको, मग कळतं की ही मुलगी मुळात राजाची आणि परीची. हा भाग कंटाळवाणा आहे, त्याला वाचवायचा प्रयत्न मी करणार नाही.

सोळा वर्षांनी, १७५६ साली, ज्यां-मारी ल प्रँस द बोमाँ हिने ही गोष्ट छोटी केली. ती लंडनमध्ये मुलींना शिकवत होती आणि पुस्तक त्या वयाच्या मुलींसाठी होतं. तेव्हा रात्रीचा प्रश्न बदलला. ‘झोपू का’च्या जागी ‘माझ्याशी लग्न करशील का’ आलं. जगाला माहीत आहे ती ही आवृत्ती.

बोमाँवर नेहमी एक आरोप होतो. ठरवून दिलेल्या, वयाने मोठ्या, अनोळखी नवऱ्याला मुलींनी निमूट स्वीकारावं म्हणून ही गोष्ट लिहिली, असा. आरोपात तथ्य आहे. पण मजकूर वाचला की तो पुरा पडत नाही. तिच्या वाड्यात सुंदरीसाठी वेगळी खोली आहे, पुस्तकांचं मोठं कपाट आहे, वाजवायला वाद्य आहे. पशू विचारतो, मी कुरूप आहे ना? ती म्हणते, हो, मला खोटं बोलता येत नाही. निमूट मुलगी असं बोलत नाही. आणि माहेरी गेल्यावर ती बहिणींचे संसार बघते. एकीचा नवरा देखणा, तो दिवसभर स्वतःच्याच प्रेमात. दुसरीचा नवरा हुशार, आणि ती हुशारी तो सगळ्यांचा छळ करण्यात खर्च करतो, सुरुवात बायकोपासून. हे बघून ती स्वतःशी हिशोब मांडते. माझं पशूवर प्रेम नाही, पण आदर आहे, मैत्री आहे, कृतज्ञता आहे, आणि त्याचा स्वभाव चांगला आहे.

प्रेमकथेत नायिका इतकं कोरडं बोलते आणि तरी आपण तिच्या बाजूने राहतो, हे सोपं नाही. आजच्या कादंबऱ्यांत करार म्हणजे फक्त प्रेमाला उशीर करायची युक्ती असते. पहिल्या प्रकरणातच आपल्याला माहीत असतं की राक्षस मुळात देखणा आहे. बोमाँची सुंदरी मात्र करार खरा मानून विचार करते. डिस्नेने तर गुलाबाच्या पाकळ्या गळायला लावून घड्याळच बसवलं. आता तिच्या होकारावर अख्ख्या वाड्याचा, चहाच्या किटलीपासून कपाटापर्यंत सगळ्यांचा जीव अडकलेला. अशा वेळी ‘नाही’ म्हणायला जागा किती उरते?

झाँ कॉक्तोच्या १९४६च्या चित्रपटात शेवटी राजपुत्र समोर येतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदाआधी संकोच दिसतो. याची सवय करून घ्यावी लागेल, असं काहीसं ती म्हणते. ते मला पटतं. जो विचारत होता तो गेला, हा कोण?

आता आपल्या जवळचं एक उदाहरण, कारण अमोल पालेकरांचा ‘पहेली’ तुम्ही पाहिला असेल. २००५चा. तो विजयदान देठांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर आहे, त्यावर मणि कौल यांनी १९७३ साली आधी एक चित्रपट केला होता. नवरा लग्नानंतर लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो, मुहूर्त चुकू नये म्हणून. वाटेत झाडाखाली नववधूला पाहिलेलं एक भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला रोज सोन्याच्या मोहरा मिळतात, त्यामुळे तो खूश. पुन्हा तोच व्यवहार. पण बायकोच्या खोलीत गेल्यावर भूत थांबतं. मी तुझा नवरा नाही, भूत आहे, असं सांगतं. आता तू ठरव. आई-बापांनी तिला विचारलं नव्हतं, नवऱ्याने जाताना विचारलं नव्हतं. विचारणारा पहिला माणूस हा भूत निघाला.

यात व्हिलनवचा प्रभाव शोधायची गरज नाही, देठांची मुळं लोककथेत आहेत. पण दोन्हीकडे गोष्ट एकाच जागी येऊन थांबते, हे पाहण्यासारखं आहे.

शेवट मात्र वेगळे. देठांच्या कथेत खरा नवरा परततो, एक मेंढपाळ न्याय करतो, भूत पखालीत कोंडलं जातं आणि ती नवऱ्याकडे राहते. तिला कुणी काही विचारत नाही. पालेकरांना हे सोसलं नाही, किंवा प्रेक्षकांना सोसणार नाही असं वाटलं असेल. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या देहात शिरतं आणि सगळं गोड होतं. थिएटरमध्ये बरं वाटतं. पण नवऱ्याचं काय झालं? तोही बापाच्या धाकात वाढलेला, हिशोबाच्या वहीत अडकलेला मुलगा होता. त्याच्या देहात शिरताना त्याला विचारलं का? आणि तिला? ती खोलीत येते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, तिला ते नंतर कळतं. पहिल्या रात्री जे भूत दाराशी थांबलं होतं, ते शेवटच्या रात्री थांबलेलं नाही. म्हणून मला देठांचा कडू शेवट जास्त प्रामाणिक वाटतो, तो पाहायला कितीही जड गेला तरी.

माझी वेळ संपली आहे. ‘नागमंडल’चा नाग या मालिकेत कुठे बसतो, असा एक प्रश्न आधीच आलेला दिसतोय. तो नवऱ्याचं रूप घेतो पण आपण कोण ते सांगत नाही, त्यामुळे तिथून सुरुवात करायला हरकत नाही. विचारा.