अंतःकरणात जपलेल्या गोष्टी

लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एकच बाब दोनदा नमूद केली आहे. मेंढपाळ दर्शन घेऊन परतताना (२:१९) आणि बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर नासरेथास आल्यावर (२:५१), ह्या दोन्ही ठिकाणी तो मरीयेच्या अंतःकरणाचा निर्देश करून थांबतो. लूक शब्द तोलून वापरणारा लेखक आहे. त्याची ही पुनरुक्ती अनवधानाची मानता येत नाही. असे असूनही आपल्या प्रवचनांतून ह्या वचनांचा अर्थ फार आखूड झाला आहे. मरीया गप्प राहिली, तिने सोसले, मातांनीही तसेच करावे, एवढ्यावर आपण समाधान मानतो. मूळ पाठाचा आशय इतकाच आहे काय?

प्रथम २:१९ मधील 'परंतु' ह्या अर्थाचे अव्यय पाहावे. त्याच्या आधीच्या वचनात ऐकणारे सारे आश्चर्यचकित झाले आहेत. आश्चर्य ही क्षणाची अवस्था. मरीयेचे कार्य त्याहून वेगळे आहे. योहानाच्या जन्मप्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ऐकलेले अंतःकरणात ठेवले, असे लूक सांगतो (१:६६). पण तेथील क्रियापद एकदाच घडून संपलेल्या कृतीचे आहे. मरीयेच्या बाबतीत तो 'सुनेतेरेइ' हे अपूर्ण भूतकाळाचे रूप योजतो: ती जपत होती, जपत राहिली.

तिने जपले ते काय? ग्रीक शब्द आहे 'ऱ्हेमा'. त्याचा अर्थ 'बोललेला शब्द'. पण त्यामागे हिब्रू 'दाबार' उभा असल्याने 'घडलेली घटना' हाही अर्थ त्यात येतो. मेंढपाळ जे झालेले पाहायला निघतात तेही 'ऱ्हेमा'च आहे (२:१५). येथे आपली मराठी भाग्यवान म्हणावी लागेल. आपण 'गोष्ट' म्हणतो तेव्हा घडलेले आणि सांगितलेले ही दोन्ही त्या एका शब्दात मावतात. पुष्कळ भाषांतरकारांना हा लाभ मिळत नाही.

खरा प्रश्न 'सुम्बालूसा' ह्या पदाचा आहे. त्याचे मूळ क्रियापद 'सुम्बाल्लेइन', म्हणजे शब्दशः एकत्र टाकणे, समोरासमोर आणणे. नव्या करारात ते सहा वेळा येते आणि सहाही वेळा ते लूकच्याच लेखणीतून उतरले आहे. एक राजा दुसऱ्या राजाशी लढाईस भिडतो तेथे हेच क्रियापद आहे (लूक १४:३१). न्यायसभेतील वडीलधारी मंडळी पेत्र व योहान यांना बाहेर पाठवून आपसांत खल करतात तेथेही हेच (प्रेषितांची कृत्ये ४:१५), आणि अथेन्सचे तत्त्वज्ञ पौलाशी वाद घालतात तेथेही हेच (१७:१८). ज्या शब्दाने लूक लढाई, खल आणि वादविवाद सांगतो तोच शब्द त्याने एका बाळंतिणीच्या अंतःकरणासाठी निवडला आहे. देवदूताने सिंहासनाचे अभिवचन दिले आणि प्रत्यक्षात पदरी गव्हाण आली. ह्या दोन गोष्टी ती शेजारी शेजारी मांडून पाहत होती. ह्याला निमूटपणा म्हणता येणार नाही.

मराठी शास्त्रात येथे 'मनन' हा शब्द योजला आहे. त्याला मी दोष देत नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन ह्या वेदान्तातील क्रमात मनन म्हणजे ऐकलेल्याविषयी उठणाऱ्या शंकांचे युक्तीने निरसन. शब्द मुळात तेजस्वीच आहे. तो मवाळ झाला तो आपल्या भक्तिपर वापरात.

ह्या चुकीत मीही वाटेकरी आहे. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका खेड्यात एक माउली मला भेटली. तिचा थोरला मुलगा घर सोडून गेला होता आणि दोन वर्षे त्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, "मावशी, मरीयामातेसारखं सगळं मनात ठेवा." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "फादर, मनात तर ठेवतेच हो. पण तिनं आधी इचारलं न्हवं, लेकरा, आमच्याशी असं का वागलास म्हणून?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन शुभवर्तमान उघडले. ती अक्षरज्ञान नसलेली बाई बरोबर होती आणि सात-आठ वर्षे ईश्वरविज्ञान शिकलेला मी पाठ अर्धाच वाचीत आलो होतो. २:५१ मधील जपणे हे २:४८ मधील प्रश्नानंतर येते. त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक वचन आहे, आणि त्यावर आपण सहसा बोलत नाही: येशू जे बोलला ते त्यांना उमगले नाही (२:५०). तेथेही शब्द 'ऱ्हेमा'च आहे. अर्थात, अंतःकरणात जपलेल्या गोष्टींत ही न समजलेली गोष्टही आहे.

ह्याला जुन्या करारात जोड सापडते. योसेफाचे स्वप्न ऐकून याकोब आधी त्याला दटावतो, हे कसले स्वप्न म्हणून विचारतो, आणि मगच ती गोष्ट मनात ठेवतो (उत्पत्ती ३७:१०-११). ग्रीक भाषांतरातील तेथील क्रियापद लूकने २:५१ मध्ये जसेच्या तसे घेतले आहे. पुढे त्याच याकोबाचा पुत्र हरवतो, मेला असे समजले जाते, आणि जिवंत सापडतो. तीन दिवस मुलाला शोधणाऱ्या मातेविषयी लिहिताना लूकच्या मनात तो बाप असावा, असे मला वाटते.

कित्येक भाष्यकार ह्या वचनांत लूकच्या माहितीचा उगम शोधतात: मरीयेनेच त्याला हे सारे सांगितले, अशी जणू ही तिची साक्ष. रेमंड ब्राउन यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात याकोब व दानिएल यांच्याविषयीच्या अशाच वाक्यांकडे लक्ष वेधून हा निष्कर्ष अमान्य केला. मला त्यांचे म्हणणे पटते. लूक येथे साक्षीदाराचे नाव देत नसून श्रद्धेची रीत दाखवीत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. परंपरेचे आकलन ख्रिस्तसभेत कसे वाढत जाते हे सांगताना आठव्या परिच्छेदात श्रद्धावंतांच्या चिंतनाचा आणि अभ्यासाचा उल्लेख आहे, आणि आधारासाठी लूकची नेमकी हीच दोन वचने दिली आहेत. सेमिनरीतल्या आपल्या तरुण बंधूंनी हा परिच्छेद सावकाश वाचावा. ज्या कामासाठी आपण ग्रंथालयात बसतो त्याचा दाखला परिषदेने कोणा आचार्याचा दिला नाही. तो एका मातेचा दिला आहे. संत पोप पॉल सहावे यांनीही १९७४ मध्ये मरीयेच्या भक्तीविषयी लिहिताना ती भिडस्तपणे मान तुकवणारी स्त्री नव्हती, असे स्पष्ट केले.

लूक मरीयेचे नाव शेवटचे घेतो ते प्रेषितांच्या कृत्यांत (१:१४). वरच्या माडीवर शिष्यांबरोबर ती प्रार्थनेत आहे. मधल्या वर्षांत तिने त्या गोष्टी कशा लावून पाहिल्या, शिमोनाने सांगितलेली तलवार गव्हाणीशेजारी कशी ठेवली, ह्याविषयी तो अक्षरही लिहीत नाही.

त्या मावशी पुढेही मिस्सेला येत असत. मुलाची खबर आली का, हे मी दर वेळी विचारी. मनात ठेवा, असे मात्र पुन्हा कधी म्हणालो नाही.