अजबखान्यात आपलं काय?

आमच्या आजीच्या पिढीतली माणसं म्युझियमला ‘अजबखाना’ म्हणत. उर्दूत आजही ‘अजायबघर’ हाच शब्द चालतो. मराठीने ‘वस्तुसंग्रहालय’ हा शब्द घडवला आणि तो पाटीवर गेला. दोन्ही शब्दांत फरक आहे. अजबखान्यात माणूस थक्क व्हायला जातो, तर वस्तुसंग्रहालय म्हटलं की नोंदवही, क्रमांक आणि कपाटं डोळ्यांपुढे येतात. आमच्या परंपरेत आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे इब्रत. जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा आणि त्यातून बोध घ्या, ही शिकवण कुरआनात वारंवार येते. म्हणजे जुन्या वस्तूंपुढे उभं राहणं हे आमच्यासाठी परकं काम नाही. तरीही संग्रहालयात शिरल्यावर आम्ही पाहुण्यासारखे का वावरतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न आम्हाला सुचला नाही, तो एका विद्यार्थ्याने विचारला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या मुलांची सहल घेऊन कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. मूर्ती, नाणी, हत्यारं, चित्रं असं सगळं पाहत मुलं पुढे सरकत होती. एवढ्यात एक मुलगा मागे वळून म्हणाला, “सर, इसमें अपना क्या है?” आम्ही क्षणभरही विचार केला नाही. हत्यारांच्या दिशेने बोट केलं आणि म्हणालो, “वो तलवारें देखो.” मुलगा खूश होऊन तिकडे धावला. आमचं उत्तर मात्र परतीच्या एस.टी.त आम्हाला बोचू लागलं. तलवारीखेरीज दुसरं काही दाखवायला आम्हाला सुचलं का नाही?

याचं उत्तर शोधताना दोनशे वर्षं मागे जावं लागतं. जेम्स मिल या स्कॉटिश लेखकाचा हिंदुस्थानचा इतिहास १८१७ साली प्रसिद्ध झाला. या गृहस्थाने हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्याने आपल्या भूतकाळाचे तीन कप्पे केले: हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश. पहिल्या दोन कप्प्यांना धर्माचं नाव दिलं, तिसऱ्याला मात्र ख्रिस्ती म्हटलं नाही, तिथे देशाचं नाव दिलं. हे कप्पे पुढे पाठ्यपुस्तकांत आले आणि तिथून आमच्या डोक्यात. त्यामुळे संग्रहालयाच्या दारातून आत जातानाच आमचा डोळा वाटणी करून मोकळा होतो. लेणी आणि मूर्ती त्यांच्या, तलवारी आणि फर्मानं आमची, घड्याळं आणि झुंबरं साहेबाची.

इथे दुसऱ्यांना दोष देऊन सुटका नाही. इतिहासात मुसलमान फक्त तलवार घेऊनच दिसतो, ही तक्रार आम्ही सगळेच करतो आणि ती खरी आहे. पण आमच्याच मेहफिलीत, जलशात, वार्षिकांकातल्या लेखांत ‘आमच्या सल्तनती’ आणि ‘आमची शान’ यांची उजळणी चाललेली असते. आमच्यातला निम्मा समाज विणकर, बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, मणेर. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी सल्तनत लांबूनच पाहिली असेल. आरोप करणारा आणि अभिमान बाळगणारा, दोघेही शेवटी त्याच एका कपाटापुढे उभे असतात. दोघांनाही फक्त तलवारच दिसते.

म्हणून आम्ही हे संग्रहालय पुन्हा एकदा, एखादं पुस्तक वाचावं तसं वाचायचं ठरवलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

या संग्रहालयाचा जन्म मातीतून झाला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्याच्या थोडं आधी तिथेच काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला होता. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक छोटी मूर्ती होती. उंचीने ती वीतभरही नाही. बरोबर रोमन धाटणीची सुरई होती, आरसा होता, हत्ती आणि त्यावर बसलेली माणसं होती. हा सगळा ऐवज सातवाहनांच्या काळातला. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूला, कुणाच्या तरी घरात भूमध्य समुद्राकाठचा देव येऊन राहिला होता. तो कुठलीही फौज घेऊन आला नव्हता, व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून घाट चढून आला होता. प्राचीन काळ म्हणजे बाहेरचा वारा न लागलेला शुद्ध काळ, ही समजूत ही वीतभर मूर्ती मोडून टाकते. ‘बाहेरून आलेले’ हा शब्द आज ज्या सुरात उच्चारला जातो, तो सूर या मूर्तीपुढे टिकत नाही.

ब्रह्मपुरीच्या टेकडीत सातवाहनांच्या वर आणखी एक थर आहे. पुरातत्त्ववाले त्याला बहमनी थर म्हणतात. बहमनी राज्य १३४७ साली गुलबर्ग्याला सुरू झालं, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्यापुढे सुलतानांची नावं, लढाया आणि महमूद गावान यांचा मदरसा. पण या थरात काय निघालं? रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या. डॉ. दीक्षितांनी या बांगड्यांचा बारकाईने अभ्यास केला. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची काच चढवून केलेलं ते नाजूक काम आहे.

ज्या काळाला पुस्तकं ‘मुसलमानी आक्रमणाचा काळ’ म्हणतात, त्या काळाची माती चाळली तर बायकांच्या हातातल्या बांगड्या निघतात. काच जात सांगत नाही, मजहब सांगत नाही. भट्टीवर बसणारा कोण आणि हात पुढे करणारी कोण, यांची नावं तिच्यावर कोरलेली नसतात. पण आमच्या खेड्यापाड्यांत मणेर दारोदार फिरून चुडा भरतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पाटलाच्या घरची सून मणेराच्या हातात हात देते, तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नाही. सल्तनतीचा इतिहास शिकवताना ही भट्टी आणि हा मणेर आमच्या फळ्यावर एकदाही आला नाही. हा दोष मिलचा नाही, आमचा आहे.

आता इमारतीकडे पाहू. संग्रहालयात आपण वस्तू पाहतो, भिंती पाहत नाही. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास हेही त्याच्याच नावावर आहेत. संस्थान महाराजांचं होतं, तरी वरचष्मा साहेबाचा होता आणि तो या इमारतीच्या गॉथिक घडणीतून दिसतो. १९४९ पासून संग्रहालय इथे आहे. म्हणजे ब्रह्मपुरीच्या वस्तू साहेबी पेटीत ठेवल्या गेल्या आणि ती पेटीही आता जुनी होऊन स्वतःच प्रदर्शनातली वस्तू झाली आहे.

त्या सहलीत एक मुलगी टोकदार कमानीकडे बघून म्हणाली होती, “ये तो मस्जिद जैसा है.” तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं. नंतर वाटलं, तिचा डोळा आमच्यापेक्षा तयार होता. टोकदार कमान युरोपातल्या गॉथिक शैलीत बाराव्या शतकात रुळली. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकात उभी आहे. साहेबाने आपली म्हणून आणलेल्या कमानीलाही असा लांबचा प्रवास घडला होता. तिसरा कप्पाही मग बंद राहत नाही.

सर्वांत जास्त पश्चात्ताप आम्हाला झाला तो चित्रांपुढे. आबालाल रहिमान यांची चित्रं या संग्रहालयात आहेत. पहिल्या खेपेला आम्ही त्यांच्यापुढून मुलांना ‘चलो, चलो’ करत नेलं. आबालाल कोल्हापूरचेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते गावी परतले आणि पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. मोठ्या शहरात नाव आणि पैसा मिळाला असता, पण ते कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तोच तलाव, तीच झाडं, तोच सकाळ-संध्याकाळचा उजेड रंगवत बसले. १९३१ साली त्यांचं निधन झालं. शाहू महाराज गेल्यावर, १९२२ साली, त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. आश्रयदाता गेल्याचा हा शोक कुठल्या धर्माचा म्हणायचा?

आबालालांच्या चित्रांत दर्गा शोधू नये, देऊळही शोधू नये. पाणी आहे, काठ आहे, ओला उजेड आहे. परक्या मातीकडे कुणी असं आयुष्यभर टक लावून बसत नाही. वतनाशी आमचं नातं काय, हे सिद्ध करायला आम्ही सभांतून घसा कोरडा करतो. आबालालांनी ते कुणी मागितलेलं नसताना जलरंगात लिहून ठेवलं. “इसमें अपना क्या है?” या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं आणि आम्ही बोट हत्यारांकडे केलं.

आता एक कडवट अनुभव. दुसऱ्या एका गावच्या संग्रहालयात आम्ही एक शिलालेख पाहिला. त्याखाली ‘फारसी शिलालेख’ एवढेच दोन शब्द होते. कशाचा, कुणाचा, कधीचा, काही नाही. आमच्याबरोबरची मुलं अक्षरं लावू लागली. एकाने ‘चाह’ वाचलं आणि बाकीचे ‘चहा, चहा’ म्हणून हसले. फारसीत चाह म्हणजे विहीर. कुणीतरी लोकांसाठी विहीर बांधली होती, त्याची ती नोंद होती. पाणी पाजणाऱ्याचा दगड ‘फारसी’ एवढ्या एका शब्दाखाली मुका होऊन पडला होता. येणारा-जाणारा तो बघून एखाद्या बादशहाचा हुकूम समजत असेल.

इथे आमच्या मुलांचं काम आहे. मराठ्यांच्या मोडी कागदांवर शुहूर सनाचं वर्ष अरबी आकड्यांत लिहिलेलं असतं: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. महिने मोहरम, सफर. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरातला काळ ज्या आकड्यांनी मोजला गेला, ते आकडे मदरशात जाणाऱ्या पोराला तोंडपाठ असतात. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, तिथे असे कागद आहेत. उर्दू शाळेतली मुलं मोडी शिकली तर मराठ्यांच्या इतिहासाची ती उत्तम वाचक होतील. आजवर हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या शिक्षकांनाच ते सुचलं नव्हतं.

कुणी म्हणेल, ही सारी गोड बाजू झाली, तलवारी खोट्या होत्या काय? खोट्या नव्हत्या. त्या चालल्या, त्यांनी माणसं मारली, गावं लुटली, देवळं पाडली. हे लपवणारा शिक्षक मुलांची फसवणूक करतो. तलवारी कपाटात असाव्यातच. पण त्या सत्तेच्या होत्या, समाजाच्या नव्हेत, आणि त्या धर्म पाहून म्यानातून निघत नव्हत्या. शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पदरी काझी हैदर होता. तलवारीवरून मूठ धरणाऱ्याचा मजहब ओळखता येत नाही, तर तिच्यावरून एका अख्ख्या समाजाची ओळख कशी ठरणार?

पुढच्या वर्षीच्या सहलीत आम्ही थोडा बदल केला. आत जाण्यापूर्वी मुलांना सांगितलं की राजांची नावं लिहू नका. कुठलीही एक वस्तू निवडा आणि तीनच गोष्टी लिहा: ती कुणी केली असेल, कुणी वापरली असेल आणि तशी वस्तू तुमच्या घरी आहे का. हत्यारांपाशी या वेळीही गर्दी झालीच, मुलं ती मुलंच. पण एक मुलगा ब्रह्मपुरीच्या सुरईपुढे बराच वेळ उभा होता. त्याच्या वहीत उर्दूत लिहिलेलं होतं की ही कुणा तांबटाने केली असेल, घरातल्या बाईने वापरली असेल, आणि आमच्या घरी वजूला बधना आहे तो जवळपास असाच दिसतो.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजूने आलेली सुरई सातवाहनांच्या काळात कोल्हापुरात वापरली गेली आणि आज एका मुसलमान पोराला ती आपल्या मोरीतल्या बधन्यासारखी वाटली. आम्ही त्या पानावर लाल शाईने काहीच लिहिलं नाही, फक्त तारीख घातली आणि सही केली.